सगुणचं इंजिन

गोव्यातल्या सुर्ल्याच्या गॅरेजात मी वेल्डिंग करतो आणि सगुण खनिजाचे ट्रक दुरुस्त करतो. पावसाळ्यात खाणी बंद असतात, तेव्हा काम नसतं. अशा तीन पावसाळ्यांत सगुणने भंगारातून मोटारसायकलचं इंजिन घडवलं, एकेक भाग कानशीने घासून.

ब्याण्णव साली मोटारसायकल शर्यतींच्या संघटनेने नियम काढला. शर्यत जिंकलेलं इंजिन दुसऱ्या कुणी मागितलं तर वीस हजारांत विकायचं, म्हणजे बड्या कंपन्या पैसा ओतणार नाहीत. एका कंपनीने लगेच धमकी दिली, हा नियम आम्हाला लावाल तर आमचा संघ येणार नाही. संघटनेने शेपूट घातली. कंपनीला सूट मिळाली, नियम आमच्यासारख्यांसाठी उरला.

डिचोलीची शर्यत सगुणने आपल्या त्याच इंजिनावर जिंकली. त्याच कंपनीचा मॅनेजर वीस हजारांचा चेक घेऊन आला आणि इंजिन मागू लागला. संघटनेचा निलाजरा साहेब म्हणाला, "नियम म्हणजे नियम."

सगुणने तिथेच मातीत पोतं पसरलं. इंजिन शेवटच्या स्क्रूपर्यंत खोललं आणि पोतं बांधून मॅनेजरच्या पायाशी आदळलं.

"नियमात इंजिन दिवचा म्हणून लिवलेला आसा. जोडून दिवचा म्हणून खंय लिवलेला आसा?"

कंपनीच्या इंजिनियरांना ते जोडता आलं नाही. महिन्याभराने मॅनेजर पोतं घेऊन गॅरेजात आला. सगुण ट्रकखाली होता. तो बाहेरही आला नाही.

"ठेवा थंयच," तो म्हणाला. "तीन पावसाळे लागतले."