निळ्या केबलचं उघडं तोंड

हसणार नाही असं वचन देऊ नका, पाळता यायचं नाही. मी एकदा नेटवर्किंगच्या परीक्षेच्या दिवशी, परीक्षेला जेमतेम तास उरलेला असताना, अख्ख्या क्लासचं नेटवर्क बंद पाडलं होतं. एकटीनं. एका हातानं. आणि वर त्याचं बिल भलत्याच माणसाच्या नावावर फाडलं!

थोडं मागचं सांगते. आम्ही वैजापूरकडचे, मेंढरंवाले. तेव्हा सलग दुसरा दुष्काळ. चाराच नाही म्हटल्यावर निम्मी मेंढरं विकून झाली होती आणि मी शहरात मावशीकडं राहून कंप्युटरचा क्लास करत होते. बाबांनी साफ सांगितलं होतं, "सहा म्हैने देतो. पास झालीस तर नोकरी कर. नाय झालीस तर मेंढरं हायेत आन् तू हायेस." बिडकीनकडच्या एका कारखान्यात सोमवारी माझी मुलाखत होती. पण सर्टिफिकेट असेल तरच यायचं, असं त्यांनी बजावलं होतं. आणि परीक्षा शनिवारी. म्हणजे बघा, सगळं त्या एका पेपरवर लटकलेलं!

आता मावशीच्या घराबद्दल सांगायला पाहिजे. नळाला पाणी आठव्या दिवशी, तेही पाऊण तास. त्या दिवशी घरात दुसरं काही नाही. क्लास नाही, पाहुणा नाही, आजारपणसुद्धा नाही! एकीनं मोटारीपाशी उभं राहायचं, दुसरीनं पाइप धरायचा. मावशीचा कायदा एकच, "पायपाचं तोंड उघडं दिसलं नाय पायजे!" पाइप ड्रमातून निसटला की उचलून पुन्हा ड्रमात. विचार नंतर, हात आधी. सहा महिन्यांत ही सवय माझ्या अंगात भिनली होती.

शनिवारी क्लासात मी पहिली हजर. माझ्यामागून मैत्रीण अस्मा आली आणि कोपऱ्यात बसून पुटपुटत पाठ करायला लागली. मग बाकीचे आले. आमचे काझी सर शेजारच्या खोलीत हजेरीचे कागद लावत होते. भिंतीवर एक डबा होता, त्याला स्विच म्हणतात. सगळ्या कंप्युटरच्या केबली त्यात येऊन शिरतात. आणि मी काय बघते? त्यातून एक निळी केबल खाली लोंबतेय आणि तिचं दुसरं टोक फरशीवर. उघडं!

डोक्यानं काही विचार केला का? छे! हातानं टोक उचललं आणि त्याच डब्यात शेजारचं भोक रिकामं होतं, त्यात टक्कन बसवलं. डब्यावरचे हिरवे दिवे एकदम लुकलुकायला लागले, सगळेच्या सगळे, धडाधड. मला वाटलं, वा! प्रेशर वाढलं.

दोनच मिनिटांत अस्मा ओरडली, "सर, मेरा पेज नै खुल रा!"

मग माझं उघडेना, मग कुणाचंच. सर धावत आले. एक कंप्युटर बंद करून चालू केला, मग दुसरा. तेच रडगाणं.

"अकरा को लॉगिन नै हुआ तो आजची परीक्षा गई समझो," सर म्हणाले आणि घाम पुसत इंटरनेटवाल्याला फोन लावायला लागले. माझ्या डोळ्यांपुढं सोमवार दिसायला लागला, त्याच्या मागं बाबा आणि बाबांच्या मागं मेंढरं.

खिडकीतून खाली बघितलं, तर रस्त्याच्या कडेला जेसीबी! त्या वर्षी शहरात न खोदलेला रस्ता दाखवा आणि बक्षीस मिळवा, अशी गत होती. आज पाण्यासाठी, उद्या गॅससाठी, परवा आधी काय पुरलं होतं ते बघायला. आणि खोदलं की कुणाची ना कुणाची केबल तुटणारच.

"ह्यानंच तोडली!" म्हणत मी अस्माला ओढत दोन जिने खाली उतरले.

ड्रायव्हर जेसीबीच्या सावलीत बसून बशीतून चहा पीत होता. वयस्कर, गरीब माणूस.

"आमची केबल तोडली ना तुम्ही?"

"ताई, म्या अजून मशीन चालू बी केली नाय. आत्ताच आलोय."

"मग काल तोडली असेल!"

"काल म्या पैठणला व्हतो."

"मग पैठण सोडून इथं आलातच कशाला?"

असं मी म्हणाले. खरंच म्हणाले! माणसं जमली, तसा मला आणखीच चेव आला. "आमच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुम्ही बशीत फुंकर मारत बसलाय?"

त्यानं बशी खाली ठेवली. "लई झालं. मला नाय खोदायचं इथं." मशीन चालू केली आणि गेला निघून.

"बघितलंस? पळाला! चोराच्या मनात चांदणं!" मी अस्माला म्हणाले आणि गड जिंकल्यासारखी जिना चढले.

वर सर डब्यापाशी उभे. इंटरनेटवाल्यानं सांगितलं होतं, बाहेरची लाइन ठणठणीत आहे, घोटाळा तुमच्या आतच आहे. सर एकेक केबल काढून बघत होते. निळी काढली आणि दिवे शांत झाले. पाठोपाठ अस्माचं पेज उघडलं.

सरांनी ती केबल बोटानं चाचपत तिचं दुसरं टोक शोधलं. तेही त्याच डब्यात.

"अरे, मंगळवारी दोन तास हेच शिकवलं ना मी? एकाच डब्यातून निघून त्याच डब्यात केबल लावली की निरोप आतल्या आत गोल फिरत राहतात, वाढत जातात आणि सगळ्यांचा रस्ता जाम करतात! कोण नव्हतं मंगळवारी?"

मंगळवारी आमच्याकडं नळाला पाणी आलं होतं.

अस्मानं माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

"सर, तोंड उघडं होतं," मी म्हणाले. "वाया गेलं असतं."

"क्या वाया गेलं असतं?"

"डेटा."

क्लास फुटला हसून. सरांनी ती निळी केबल गुंडाळून खिशात टाकली. त्यांच्याही घरी आठ दिवसांनीच पाणी यायचं, म्हणून मी वाचले बहुतेक. "बैठो," ते म्हणाले. "चार मिनट बाकी."

पेपर दिला. निकाल तिथल्या तिथं पडद्यावर. पास! रडलेच मी, खोटं कशाला सांगू? बाबांना फोन केला, तर ते "बरं, बरं" म्हणत राहिले आणि मग उगाच मेंढरांवर ओरडले, आवाज भरून आलेला कळू नये म्हणून.

पेढे घेऊन घरी आले, तर मावशी दारात, कमरेवर हात ठेवून.

"मावशी, मी पास..."

"थांब गं, आधी ऐक! आपल्या गल्लीला नवी पाण्याची लाइन जोडायला आज तुमच्या क्लासखालच्या रस्त्यावर जेसीबी आला व्हता. चार म्हैने खेटे घातले, तवा कुठं आला. आन् तुमच्या क्लासातली कोण भवानी खाली उतरली, त्या गरिबाला नाय नाय ते बोलली. गेला तो मशीन घिऊन! आता म्हणं दिवाळीनंतर." मावशीनं दम घेतला. "तू तिथंच व्हतीस ना? कोण व्हती गं ती?"

"माझ्या ओळखीची नाही," मी म्हणाले.

नोकरी लागली. बिडकीनहून दमून आल्यावर दिवाळीपर्यंत रोज टँकरच्या रांगेत मी एकटी उभी राहिले, मावशीला घागर उचलू दिली नाही. आणि मावशी गल्लीभर सांगत फिरायची, "एवढी शिकली, नोकरीला लागली, पण पोरीला गर्व म्हणून नाय!"