चार खेपांची कादंबरी

दाढ ठणकायला लागली की माणसाला देव आठवतो आणि दातांचा डॉक्टर आठवतो. ठणका थांबला की तो दोघांनाही विसरतो. हे खूणमावशीचं मत होतं, आणि ते तिने हवेत बांधलेलं नव्हतं. दातांच्या त्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीतल्या टेबलामागे तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. फोन घ्यायचे, नंबर लावायचे, रडणारी मुलं आणि त्यांच्याहून जास्त घाबरलेले त्यांचे बाप सांभाळायचे, हे तिचं काम.

त्या दवाखान्यात रूट कॅनल म्हणजे चार खेपा. पहिल्याच खेपेला दुखणं थांबतं आणि तिथेच घोटाळा होतो. पेशंट म्हणतो, आता कशाला जायचं, आणि महिन्याभराने गाल फुगवून दारात उभा राहतो. मोठे डॉक्टर, म्हणजे हल्लीच्या डॉक्टरीणबाईंचे वडील, अशा पेशंटवर इतके बरसायचे की बाहेर बसलेले दोघं-तिघं मुकाट्याने चपला घालायचे. मावशी त्या दोघा-तिघांना जिन्यावरून परत आणायची. शेवटी तिनेच यावर तोड काढली, आणि तीही चुकून.

त्याचं असं झालं की नंबर येईपर्यंत एक सुतार मावशीचं टेबलावर पालथं पडलेलं पुस्तक चाळत बसला. त्याला आत बोलावलं तेव्हा गोष्टीतला माणूस नुकता विहिरीत उतरला होता. जाताना सुताराने पुस्तक घरी न्यायला मागितलं. मावशीचंच वाचून व्हायचं होतं, म्हणून ती सरळ नाही म्हणाली. यात धोरण वगैरे काही नव्हतं, निव्वळ आपमतलबीपणा होता. पण पुढच्या गुरुवारी सुतार वेळेच्या कितीतरी आधी हजर.

"दाढेचं नंतर बघू," तो म्हणाला, "आधी तो माणूस वर येतो का ते बघू दे."

त्या दिवसापासून दवाखान्यात नियम झाला: पुस्तक दाराबाहेर जाणार नाही. पेशंटचं तारखेचं कार्ड मावशी त्याच्या पानात खूण म्हणून घालून ठेवायची. त्यावरून तिला खूणमावशी हे नाव पडलं. एकेका पुस्तकात तीन-तीन कार्डं, मागे-पुढे रेंगाळलेली. दात साफ करायला आलेल्याला ती विनोदी काहीतरी द्यायची, दाढ भरायला आलेल्याला एखादी कथा. कादंबरी फक्त रूट कॅनलवाल्याला. आणि ती कादंबरीही अशी हवी की पाव भाग संपता संपता वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागला पाहिजे. मावशीला त्या जुन्या पुस्तकांचे शेवट पाठ होते, पण कुणी कितीही गळ घातली तरी ती ओठ उघडायची नाही. पेशंट आला की खूण काढून पुस्तक हातात द्यायची आणि तेवढं विचारायची, "कुठवर आलं?" हा प्रश्न तिच्या लेखी 'पाणी हवंय का' यातलाच होता. पेशंट परत येतात ते गोष्टीच्या ओढीने, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, आणि थोडा गर्वही होता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरीणबाई एक खोकं घेऊन आल्या. वर्ष नवं, कॅलेंडर नवं, मग पुस्तकंही नवी हवीत असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"मावशी, ती गोधडी झालेली पुस्तकं काढ आता. कव्हर नाहीत, काहींची तर नावंही उरली नाहीत."

"नावं नाहीत म्हणूनच बरं चाललंय," मावशी म्हणाली. पेशंटांसमोर ती डॉक्टरीणबाईंना अहोजाहो करायची, पण त्या फ्रॉकमध्ये इथेच जिन्यावर खेळल्या होत्या, त्यामुळे खोलीत कुणी नसलं की कारभार वेगळा असायचा. "ही नवी कुणी वाचून बघितली आहेत का?"

"अगं, नवी आहेत. दुकानात आत्ता समोरच मांडलीत. सगळे तीच वाचताहेत."

पुढचे काही दिवस दुपारी दवाखाना बंद असताना मावशीने एकेक पुस्तक पाव भागापर्यंत वाचून पाहिलं. दोन पुस्तकांत पाव भाग झाला तरी लोक नुसते खिडकीतून बाहेर बघत होते. एकात इतकी माणसं आली की लग्नघर परवडलं. पण एका हिरव्या कव्हरच्या कादंबरीशी तिचा चहा गार झाला. दोन बहिणी एकाच दुकानात मधे फळी ठोकून, एकमेकींशी अवाक्षर न बोलता वर्षानुवर्षं धंदा करतात, आणि एक दिवस धाकटीचा अर्धा भाग उघडतच नाही. बाहेरून कुलूप, आणि आत दिवा लागलेला. बरोबर पाव भागाशी. मावशीने जीव मुठीत धरून पुस्तक मिटलं आणि फळीवर ठेवलं.

ते पहिल्यांदा मिळालं किल्लीवाल्यांना. रस्त्यापलीकडे, दवाखान्याच्या बरोबर समोर त्यांची टपरी होती, डुप्लिकेट किल्ल्यांच्या माळा लावलेली. गेल्या वर्षी त्यांची बायको गेली, तेव्हापासून तोंडातून शब्द निघायचा तो किल्लीपुरता. साऱ्या वस्तीची कुलपं उघडणारा हा माणूस डॉक्टरांपुढे स्वतःचं तोंड उघडेना. पहिल्या खेपेला दाढ इतकी ठणकत होती की शेवटी उघडलं. त्याआधी तासभर हिरवं पुस्तक वाचलं. मावशीने कार्ड आत घातलं तेव्हा धाकटीचं दुकान बंद होतं आणि थोरली दाराशी उभी होती.

पुढच्या गुरुवारी किल्लीवाले आले नाहीत.

"येतील," मावशी म्हणाली. "पुस्तक इथे आहे ना."

दोन दिवसांनी ती खिडकी पुसत होती. समोर टपरीत किल्लीवाले स्टुलावर बसून वाचत होते. कव्हर हिरवं होतं. मावशीने वळून फळीकडे पाहिलं. पुस्तक जागच्या जागी, कार्डासकट. म्हणजे गृहस्थाने दुकानातून विकत आणलं होतं. तिच्या जुन्या पुस्तकांची प्रत शोधूनही सापडायची नाही, आणि हे नवं बेणं नाक्यावर मिळत होतं.

तिने हे सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाई आधी पोट धरून हसल्या. मग हसू आवरलं.

"मावशी, त्यांच्या दाढेवर नुसतं तात्पुरतं सिमेंट आहे. ते निघालं तर दाढ काढावी लागेल. आणि त्या बाजूला चावायला त्यांना तेवढी एकच आहे."

"फोन केला. उचलत नाहीत."

"मग तू जा."

मावशी गेली नाही. इतक्या वर्षांत तिने कुणाला घरी जाऊन बोलावलं नव्हतं, पुस्तक बोलवायचं. आता हात जोडत रस्ता ओलांडायचा म्हणजे आपलं सगळं कसब मातीमोल झालं असं कबूल करण्यासारखं होतं. दिवसभर ती पेशंटांवर उगाच खेकसली. एका बाईंना तर दाढेच्या कथेऐवजी दात साफ करायचे विनोद दिले. संध्याकाळी पुन्हा खिडकीशी गेली, तर किल्लीवाले तळहाताने गाल दाबून बसलेले. मग मात्र तिचा मानबिन गळून पडला. हा भला माणूस, आणि आपण रुसून बसलोय. तिने फळीवरचं पुस्तक काखेत मारलं आणि जिना उतरली.

टपरीशी पोचताच किल्लीवाल्यांनी आपलं पुस्तक स्टुलाखाली सारलं. डावा गाल किंचित भरलेला होता.

"राहू दे," मावशी म्हणाली. "बघितलंय मी." आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "कुठवर आलं?"

किल्लीवाले हातातली कानस पुसायला लागले.

"तिथेच आहे," ते म्हणाले. "तुमची खूण आहे तिथेच."

"इतके दिवस?"

"रोज उघडतो. पान काही उलटत नाही. तिथे वर तासाभरात पाव पुस्तक झालं होतं." मग म्हणाले, "घरात विचारणारी होती, काय चाललंय, कुठवर आलं म्हणून. तेव्हा वाचलं जायचं. आता कुणाला सांगायचंय?"

इतकी वर्षं ती पुस्तकाला श्रेय देत आली होती. पुस्तक तर या माणसापाशीही होतं, अगदी तेच, कोरं करकरीत. तिला भरून आलं, आणि भरून आलं की ती रागावल्यासारखी बोलायची.

"मग यायचं नाही का वर? सांगायला कुणी बंदी केली होती?"

"भीती वाटते हो त्या खुर्चीची. आधी दुखत होतं तेव्हा घाबरायला सवड नव्हती. आता आहे."

"बरं, घाबरा. पण वर येऊन घाबरा. मी बाहेरच असते."

ते आले. दाढेत पू धरायला सुरुवात झाली होती, पण वेळेत आले म्हणून वाचली. राहिलेल्या तीनही खेपांना ते आपलं पुस्तक घेऊन यायचे, मावशी विचारायची आणि ते सांगायचे. नंतर नंतर इतकं सांगायला लागले की डॉक्टरीणबाईंना दारातून दोनदा हाक मारावी लागायची. "असलं कुलूप माझं दोन मिनिटांचं काम," ते वैतागून म्हणायचे, "आणि ही बया तीन प्रकरणं नुसती दाराशी उभी." चौथ्या खेपेला दाढेवर टोपी बसली. पुस्तक मात्र थोडं उरलं होतं.

त्याच आठवड्यात मावशीने नियम मोडला. पुस्तकं घरी न्या म्हणाली, फक्त गुरुवारी येऊन सांगा कुठवर आलं. डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या. पुस्तकं घरी गेली, काही चहाचे डाग घेऊन आली, आणि पेशंटही आले.

एका सकाळी मावशी दवाखाना उघडायला आली, तर पलीकडून किल्लीवाल्यांनी आवाज दिला.

"मावशी, उघडलं हो ते कुलूप. संपलं पुस्तक."

"आत काय होतं?" मावशीने विचारलं. पाव भागापुढे तिला वाचायला सवडच झाली नव्हती.

"वाचा की," किल्लीवाले म्हणाले, आणि गालातल्या गालात हसत कानस चालवायला लागले. आजवर तिने शेकडो लोकांना जे केलं, ते आज कुणीतरी तिला केलं होतं.

ती दिवसभर धुसफुसली आणि संध्याकाळी हिरवं पुस्तक पिशवीत टाकून घरी घेऊन गेली. घरी मुलगा होता, सून होती, दोघंही जिवाला जपणारी. जेवलीस का, गोळी घेतलीस का, हे रोज विचारायची. दिव्याखाली ती उशिरापर्यंत वाचत बसली तेव्हा सुनेने येऊन पंखा कमी केला आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या जिन्याखालच्या दाराशी वाकून कुलूप काढत होती. किल्लीवाले रस्ता ओलांडून आले आणि पायरीपाशी थांबले.

"काय मावशी, कुठवर आलं?"

मावशी वाकलेली तशीच राहिली. हा प्रश्न तिने जन्मभर विचारला होता, पण तिला तो कधी कुणी विचारला नव्हता. ती सरळ झाली, दार तसंच अर्धं उघडं ठेवून पायरीवर बसली आणि सांगायला लागली.