निळ्या गाडीचं पांढरं चाक

राउना कुउवा चिडली की बोलत नाही, लाकडं फोडते. त्या फेब्रुवारीत तिच्या अंगणातला कुऱ्हाडीचा आवाज खाडी ओलांडून माझ्या दुकानापर्यंत येत होता. गिऱ्हाइकं दाराशी बूट झटकताना थांबून विचारायची, "आज पण?" मी म्हणायचे, "आज पण."

आमच्या गावात रस्ता माझ्या दुकानाशी संपतो. पुढे फिनलंडच्या उत्तरेचं इनारी सरोवर. राउनाचं घर खाडीच्या पलीकडे आहे, आणि तिची जाळी त्याच्याही खूप पुढे, बेटांच्या मधल्या खोल पाण्यात. नवरा एरिक गेल्यापासून ती एकटीच मासेमारी करते. बर्फाला भोकं पाडायची, जाळी ओढायची, मासे सोडवायचे, परत जाळी सोडायची, आणि भरलेली स्लेज, म्हणजे घसरगाडी, बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलच्या मागे बांधून घरी यायचं. तिचे मासे हॉटेलात जातात, शाळेच्या स्वयंपाकघरात जातात. गाडी नसेल तर हे सगळं बंद. स्कीवर माणूस जाऊन येईल, पण मासे कोण ओढणार?

तिची जुनी गाडी शरद ऋतूतच कायमची बसली. नवी घ्यायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा उन्तो वाल्ले म्हणाला, "माझी निळी घे."

उन्तो हा एरिकचा जिवाभावाचा दोस्त. एरिकच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो सगळ्यात पुढे होता. राउनाच्या चुलीसाठी झाडं पाडून द्यायची, होडी काठावर ओढायची, ही कामं तो न सांगता करायचा. त्यामुळे त्याची गाडी म्हणजे घरचीच.

पण निळ्या गाड्यांची खोड आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होती. त्या कंपनीने दोन हिवाळे ते मॉडेल काढलं. इंजिनला तेल पोचवणारा जो छोटा पंप असतो, तो फिरवणारं दातेरी चाक त्यांनी प्लास्टिकचं बसवलं. पांढरं, बाटलीच्या झाकणाएवढं. कडक थंडीत ते ठिसूळ होतं आणि त्याचे दात झडतात. चाक फिरेनासं झालं की तेल बंद, आणि तेल बंद झालं की इंजिन गेलं. टाकी तर भरलेलीच असते, त्यामुळे धोक्याचा दिवाही लागत नाही.

म्हणून राउनाने माझ्यासमोर, दुकानातल्या कॉफीच्या टेबलाशी, त्याला सरळ विचारलं.

"उन्तो, पंपाचं चाक बदललंय का?"

"बदललंय."

"नक्की?"

"अगं, दोन हिवाळे मी त्याच गाडीवर फिरतोय ना. बसलोय ना तुझ्यासमोर?"

ती हसली आणि गाडी घेतली.

जानेवारीभर गाडी छान चालली. एकदा ती पेट्रोल भरायला आली तेव्हा मी विचारलं, "तेलाचा डबा देऊ?" तर म्हणाली, "नको. ही फार कमी तेल पिते गं. जुनीसारखी अधाशी नाही." मलाही बरं वाटलं.

फेब्रुवारीत थंडी उतरली. उणे तीसच्या आसपास, वारा नाही, आभाळ स्वच्छ. राउना दुपारी जाळ्यांवरून परतत होती. स्लेज काठोकाठ भरलेली, त्या मोसमातला सगळ्यात चांगला दिवस. बेटांमधून मोकळ्या सरोवरात आली आणि इंजिनाचा आवाज एकदम बारीक, किंचाळल्यासारखा झाला. तिने हात सैल करेपर्यंत गाडी खिळा ठोकल्यासारखी जागीच थांबली. मागून स्लेज येऊन आदळली. राउनाची छाती हँडलवर आपटली.

तिने स्टार्टरची दोरी ओढली. दोरी जराही हलली नाही. तेलाविना पिस्टन आत घट्ट अडकून बसला होता.

फोन थंडीने बंद पडलेला. थोडा वेळ ती गाडीवर नुसती बसून राहिली, असं तिने मला नंतर सांगितलं. मग स्लेजवरून स्की काढल्या, खायला पुरेल एवढे मासे पाठीवर घेतले, बाकीच्यांवर ताडपत्री बांधली आणि घराकडे निघाली. दुसऱ्या दिवशी हैक्का सार्रेच्या गाडीमागे बसून परत गेली, तोवर कावळ्यांनी ताडपत्री फाडली होती. दगडासारखे गोठलेले मासे टोचून टोचून सगळे नासवले होते. हैक्काने निळी गाडी आपल्या गाडीमागे ओढत तिच्या शेडमध्ये आणून टाकली. वाटेत तो चकार शब्द बोलला नाही. हैक्काचा रेनडिअरचा कळप मोठा आहे आणि तो बडबड्या माणूस आहे, म्हणून राउनाला ते जरा खटकलं.

शेडमध्ये तिने इंजिन उघडलं. पंपाचं झाकण काढल्यावर आतून पांढरा चुरा पडला. चाक कंपनीतून आलं तेच होतं. दातांच्या जागी नुसती गुळगुळीत कड. गाडी कमी तेल पीत होती ती यामुळे.

आधी तिने कंपनीच्या विक्रेत्याला फोन केला. माझ्याच दुकानातून, कारण तिच्याकडे फोनला रेंज नीट नसते. पलीकडचा पोरगा अदबीने बोलत होता.

"हो, तो दोष आम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "ते चाक आम्ही फुकट बदलून देत होतो."

"मग द्या."

"ती मुदत संपली. शिवाय ती पहिल्या मालकासाठी होती."

"पण चाक तर तुम्हीच बसवलंत ना?"

"कंपनीने बसवलं, हो."

"आणि ते मोडणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

"म्हणून तर मुदत दिली होती."

"म्हणजे चूक जुनी झाली की ती तुमची राहत नाही?"

 पोरगा म्हणाला की तो भाग आता बनतच नाही, पण नवीन गाड्यांवर सध्या चांगली सवलत आहे. राउनाने फोन हळूच खाली ठेवला. आपटला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तिने स्वीडनमधल्या एका माणसाकडून चाक मागवलं. त्याने लिहिलं होतं, तपासलेलं, उत्तम स्थितीत. पाकीट माझ्याच दुकानात आलं. तिने काउंटरवर ते उघडलं. आतलं चाक पांढरं, प्लास्टिकचं, एका दाताला केसाएवढी चीर. दुसऱ्या कुठल्या तरी मेलेल्या निळ्या गाडीतून काढलेलं. आम्ही दोघी ते चाक बघत राहिलो.

"हसू नकोस," राउना म्हणाली.

"मी हसत नाहीये."

"हसत्येस."

त्या संध्याकाळी पुन्हा कुऱ्हाड ऐकू आली.

मग ती उन्तोकडे गेली. उन्तो अंगणात बर्फ उपसत होता. तिने खिशातून चुरा झालेलं चाक काढून त्याच्या फावड्यावर ठेवलं.

"हे बदललेलं चाक," ती म्हणाली.

उन्तोने ते उलटसुलट करून पाहिलं. "मला हैक्काने सांगितलं होतं बदललंय म्हणून. मी त्याच्याकडून घेतली होती."

"उघडून पाहिलं नाहीस?"

"दोस्ताने सांगितल्यावर उघडून बघतात का?"

हे उत्तर तिला पटलं, कारण तिनेही उघडून पाहिलं नव्हतं. ती तशीच हैक्काकडे गेली. हैक्का स्वयंपाकघरात सुकं मांस कापत बसला होता. त्याने तिच्यासमोर कॉफी ठेवली आणि आढेवेढे न घेता सांगितलं.

"चाक जुनंच आहे हे मला माहीत होतं. म्हणून तर विकली. मला डोंगरात कळपामागे जायचं असतं, तिथे बंद पडली तर मी मेलोच. उन्तोला म्हटलं, जुनं आहे, बदलून घे. तो हो म्हणाला."

"तू त्याला सांगितलंस?"

"तोंडावर. माझी बायको इथेच होती."

बायको चुलीपाशी होती. तिने मान डोलावली.

"आणि मी घेतली तेव्हा मला का नाही सांगितलंस? तुला ठाऊक होतं मी घेतेय."

हैक्काने सुरी खाली ठेवली. "दुसऱ्याच्या सौद्यात मी कशाला तोंड घालू? आणि राउना, इथे सगळे असंच करतात. ती गाडी माझ्याकडे कुठून आली असं तुला वाटतं? तात्पुरती चालू कर आणि दक्षिणेकडच्या कुणाला तरी दे. तू पहिली नाहीस."

राउना कॉफी अर्धी टाकून उठली. आमच्याकडे कॉफी अर्धी टाकून कुणी उठत नाही.

उन्तोकडे ती परत गेली नाही. त्याची हाक आली तरी तिने दार उघडलं नाही. मला म्हणाली, "कंपनीचा राग येतो, पण तो मावतो. त्यांचं तोंड मी पाहिलेलं नाही. हा माझ्या टेबलाशी बसून जेवलाय."

जाळी मात्र बर्फाखाली तशीच होती. तिने हैक्काच्या पुतण्याला गळ घालून एकदा जाऊन पाहिलं. अर्धे मासे जाळ्यात कुजलेले. हॉटेलवाल्यांनी दुसरीकडून मासे घ्यायला सुरुवात केली.

मार्चच्या सुरुवातीला शाळेत नवीन आलेली शिक्षिका, इल्मी तोरवेला, दुकानात विचारत होती की कुठे जुनी गाडी मिळेल का. दक्षिणेतल्या कुओपिओकडची मुलगी, मऊ बोलणारी. कुणीतरी तिला राउनाचं नाव सुचवलं. सुचवणारा कोण हे मी विचारलं नाही. इल्मी स्कीवर खाडी ओलांडून गेली आणि तासाभरात माझ्याकडे परत आली, गाल लाल झालेले.

"त्यांनी मला विकली नाही," ती म्हणाली.

"मग काय केलं?"

"इंजिन उघडं करून दाखवलं. चाक दाखवलं. म्हणाल्या, गावात निळी गाडी कुणीही देऊ केली तर आधी हे झाकण काढून बघ, आणि काढू देत नसेल तर घेऊ नकोस."

इल्मीने ते शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. तिथून ते मुलांच्या आयांपर्यंत गेलं, आयांकडून सगळ्या सरोवराकाठी. आठवड्याभरात निळ्या गाड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. प्रत्येक जण म्हणायला लागला, आधी झाकण काढ. आणि झाकण काढलं की बहुतेकांत तेच पांढरं चाक.

लोक कंपनीवर भडकतील असं मला वाटलं होतं. ते राउनावर भडकले. ती ब्रेड घ्यायला आली की बोलणं थांबायचं. एक म्हातारा तर तिच्या तोंडावर म्हणाला, "चार घरांच्या गाड्या तू आठवड्याभरात भंगार केल्यास."

"त्या भंगारच होत्या," राउना म्हणाली. "मी फक्त झाकण काढलं."

"आपसात निभत होतं ना?"

"माझं नाही निभलं."

बाहेर येऊन ती माझ्या पेट्रोल पंपाच्या खांबाला टेकून उभी राहिली. डोळे भरलेले, पण ती म्हणाली वाऱ्याने. वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिच्या शेडच्या दाराशी एक खोकं सापडलं. त्यात पिस्टन होता, रिंगा होत्या, आणि घासून नीट केलेला सिलिंडर. चिठ्ठी नव्हती. असा सिलिंडर गावात कुणाकडे असेल हे सांगायला चिठ्ठी लागतही नव्हती. उन्तोने दुसरी एक निळी गाडी सुट्या भागांसाठी ठेवली होती. खोकं परत टाकावं असं राउनाच्या मनात आलं. मग तिने जाळ्यांचा विचार केला आणि ते आत ओढून घेतलं.

सिलिंडर बसला, पिस्टन बसला. चाकाचं काय? ती दोन दिवस त्या पंपाकडे बघत बसली. शेवटी वैतागून तिने पंपच काढून टाकला. भोकावर लोखंडी पत्रा ठोकून ते बंद केलं, आणि तिचे वडील पहिल्यावहिल्या गाड्यांच्या काळात करायचे तसं डब्यात पेट्रोल आणि तेल हाताने मिसळून टाकीत ओतलं. गाडी खोकत खोकत सुरू झाली. मागे धुराचा असा लोट निघाला की खाडीपलीकडून मला वाटलं शेडच पेटली.

ही काही मजेची गोष्ट नव्हती. प्रत्येक वेळी डबा हलवायचा, मोजायचं, हातांना आणि केसांना तेलाचा वास. गाडी जास्त तेल प्यायची, धूर नाकात जायचा. शिव्या देतच ती पेट्रोल भरायची. पण सरोवराच्या मध्यावर थांबली नाही.

मार्चच्या शेवटी हैक्का दुकानात आला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ती किती तेल घालते गं? विचारशील का?"

"तूच विचार."

तो गेला. राउनाने सांगितलं. त्याच्यानंतर आणखी काही जण गेले. कुणी माफी मागितली नाही, पण दुकानातलं बोलणं तिच्यापुढे थांबायचं बंद झालं. माझ्याकडचे तेलाचे डबे संपले आणि मला जास्त मागवावे लागले. हॉटेलवाले मात्र परत आले नाहीत. तिचे मासे आता शाळेत जातात आणि उरलेले ती धुरात सुकवून स्वतः विकते.

एप्रिलमध्ये, बर्फ मऊ व्हायच्या आत जाळी काढायची असतात. ते एकट्याचं काम नाही. उन्तो तिने न सांगताच सकाळी तिथे जाऊन उभा राहिला. मीही होते, कॉफीचा थर्मास घेऊन. दोघांनी मिळून ओल्या जाळ्यांचे ढीग स्लेजवर चढवले. बराच वेळ कामापुरतंच बोलणं चाललं होतं.

मग उन्तो म्हणाला, "मला वाटलं होतं चाक हा हिवाळा तरी काढेल. पुढच्या वर्षी बदलून देणार होतो. खरंच."

राउना जाळं गुंडाळत राहिली.

"अजून रागावली आहेस?"

"हो."

"किती दिवस?"

"मला काय माहीत, उन्तो. ते टोक धर. सैल पडतंय."

त्याने टोक धरलं.