चार बोटांचा पट्टा

व्हर्न हॉस्टेटलरबद्दल काहीतरी लिहून द्या, असं आमच्या गावच्या वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. एक तर मला लिहायची सवय नाही. शिवाय मला व्हर्न फारसा ठाऊकच नव्हता. सव्वीस वर्षं तो माझ्या, पेट्रेलाच्या, बूटदुरुस्तीच्या दुकानात येत होता, पण त्याच्या घरी मी कधी जेवलो नाही. त्याला तीन मुली आहेत हेसुद्धा मला त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये कळलं. मला ठाऊक होती ती त्याच्या उजव्या हाताची चार बोटं. तेवढ्यावरच लिहितो.

सोमवार ते शुक्रवार व्हर्न आमच्या शाळेत भूमिती शिकवायचा. शनिवारी विमानाने जायचा आणि रविवारी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात मुख्य पंच म्हणून उभा राहायचा. सात पंचांमध्ये पांढरी टोपी एकट्याचीच असते, ती त्याची. सत्तर हजार माणसं त्याला शिव्या घालायची आणि सोमवारी सकाळी आठला तो फळ्यावर त्रिकोण काढत असायचा.

त्याच्या बोटातला पट्टा मी करायचो. मनगटाला चामडं, त्याला लवचिक दोरी, दोरीच्या टोकाला फास. दहा यार्ड पुढे जायला संघाला चार प्रयत्न मिळतात. पहिल्या प्रयत्नाला फास तर्जनीत, दुसऱ्याला मधल्या बोटात, असा करंगळीपर्यंत. गोंधळात, पावसात, आरडाओरड्यात कितवा प्रयत्न चालू आहे ते डोक्याने नाही, बोटाने लक्षात ठेवायचं. दर उन्हाळ्यात तो नवा पट्टा करून घ्यायचा. घालून बघायचा, मान हलवायचा, जायचा. मीही कमी बोलणारा. आमचं बरं जमायचं.

पंच म्हणून त्याचं बाविसावं वर्ष शेवटचं होतं. डिसेंबरात निवृत्त होणार हे त्याने आधीच कळवलं होतं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी घरी टीव्हीसमोर बसलो होतो. सामना संपायला दोन मिनिटं होती. तिसरा प्रयत्न फसला, पण एका पंचाने नियम मोडल्याची खूण म्हणून पिवळं फडकं टाकलं, त्यामुळे प्रयत्न पुन्हा खेळायचं ठरलं. मग पंच एकत्र आले, बोलले, आणि फडकं मागे घेतलं. म्हणजे तिसरा प्रयत्न वापरला गेला, आता चौथा. तेवढ्यात एका खेळाडूचा गुडघा गेला, त्याला गाडीवर घालून नेलं. त्यानंतर व्हर्नने हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. बाकी सहा जणांनी पांढऱ्या टोपीवर विश्वास ठेवला. त्या संघाला पाच प्रयत्न मिळाले. पाचव्यात ते जिंकले.

मला वाटलं, माझा फास सैल पडला.

मंगळवारी सकाळी आमच्या नेहमीच्या खानावळीत व्हर्न एकटा बसला होता. कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, माझ्या पोराला भूमितीत नापास केलंत ना? आता तुमचे पेपर आम्ही तपासतो!" सगळे हसले. व्हर्नही थोडा हसला. तेवढ्यात वाढणारी बर्निस बशी घेऊन आली. त्याने चार पॅनकेक सांगितले होते, बशीत पाच होते.

"बर्निस, चार सांगितले होते."

"हो का? आम्हाला वाटलं, तुमचं मोजणं वेगळं असतं."

व्हर्नने पाचही खाल्ले. पाचव्यावर पाक जरा जास्तच ओतून घेतला. गावाने त्याला आपल्यात ठेवलंय एवढं मला त्यावरून कळलं. पण पंच नेमणाऱ्या संघटनेचं काय, ते कळत नव्हतं. मी त्याच्या टेबलाशी गेलो. माझ्यासाठी ती मोठी गोष्ट होती.

"पट्टा दे इकडे."

त्याने दिला. मी फास ओढून पाहिला. किंचित सैल होता. मी म्हटलं, "दोरी ढिली पडली, असं लिही त्यांना. मी सहीचं पत्र देतो. चामड्याचं काम माझं, दोष माझा."

"पत्र नको."

"अरे, पण उरलेले सामने काढून घेतील. शेवटचा सामना हाच राहील तुझा."

"तेवढंच वाटतं मला. हा शेवटचा नसावा." त्याने काटा खाली ठेवला. "पण फास जागेवर होता. फडकं पडलं तेव्हा मीच तो तिसऱ्या बोटात ठेवून दिला. फडकं उचललं तेव्हा करंगळीत घालायचा, तो राहिला. त्या पोराच्या गुडघ्याकडे बघत बसलो. तसंच लिहून पाठवलंय काल."

"सगळं?"

"तीन ओळी झाल्या. बस, कॉफी घे."

मी बसलो नाही. दुकान उघडायचं होतं. आज वाटतं, बसायला हवं होतं.

त्याला तीन आठवडे घरी ठेवलं. चौथ्या आठवड्यात फोन आला आणि डिसेंबरातला एक सामना मिळाला, उत्तरेकडे, कडाक्याच्या थंडीत. मी पाहिला. सामना तसा रटाळच होता. चेंडूमागे माझं लक्षच नव्हतं, मी त्याचा उजवा हात शोधत होतो. दोनदाच दिसला. दोन्ही वेळा फास बरोबर बोटात होता. शेवटी त्याने टोपी काढली, टक्कल पुसलं आणि चालत आत गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सोमवारी तो दुकानात आला तेव्हा मला इतका खूश कधीच दिसला नव्हता.

"एकही चूक दाखवली नाही संघटनेने," तो म्हणाला. "एकही नाही!"

पुढची अकरा वर्षं तो शनिवारी सकाळी गावातल्या लहान मुलांच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहिला. त्यांच्या आया त्याला टीव्हीवाल्यांपेक्षा जास्त शिव्या घालायच्या.

गेल्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी, व्हर्न पट्टा घेऊन शेवटचा आला. बोटं बारीक झाली होती, फास लहान करून हवा होता. मी तिथल्या तिथे दोन टाके घातले.

"घालून बघ."

त्याने घातला. तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. सावकाश.

"बसतोय?"

"बसतोय."

मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "आणि पाचवं?"

त्याने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तो अंगठा आहे, पेट्रेला. दार ओढून घेऊ का? गार वारा येतोय."

"घे ओढून," मी म्हटलं.