मेनाने मुद्दाम बिघडवलेला पाक

आयुष्यात पहिल्यांदाच मेनाने लिंबू वाईट सोलायचं ठरवलं, आणि पहिल्या लिंबाला तरी तिला ते काही जमलं नाही.

ईस्टरला अकरा दिवस उरले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिंबांची टोपली, रिकामी बरणी आणि मद्यार्काची बाटली मांडून ती बसली होती. सुरी सवयीने फिरली आणि साल सलग उतरली, पातळ, पिवळीधमक, आतल्या पांढऱ्याचा मागमूसही नसलेली. तिने ती खिडकीकडे धरली तर पलीकडचा उजेड दिसला. "मेल्या हाता," ती स्वतःच्याच हाताला म्हणाली, "एक दिवस तरी माझं ऐक की!"

मिनोरी गावात त्रोफिमेना नावाच्या बायका पैशाला पासरी. गावच्या संत बाईचंच नाव ते, त्यामुळे चर्चपुढे उभं राहून नुसतं 'मेना' म्हटलं तरी निम्मा चौक मागे वळून बघेल. पण 'लिंबांची मेना' म्हटलं की ही एकच. बाराव्या वर्षापासून तिने बापाच्या बागेतली लिंबं पाठीवरून खाली किनाऱ्यावर वाहिली. पन्नास-पन्नास किलोची टोपली, साडेतीनशे पायऱ्या, दिवसाला सहा-सात खेपा, अशी तेहेतीस वर्षं. त्याच वयात आईने तिला लिंबाचा पाक शिकवला. साल आठवडाभर मद्यार्कात घालून अंधारात ठेवायची. साखरेचा पाक करायचा, निवताना त्यात लिंबाची दोन पानं टाकायची, आणि तो अगदी गार झाल्याशिवाय सालीच्या अर्काशी त्याची गाठ पडू द्यायची नाही. घाई केली की सगळं गढूळ. तो पाक केकवर घाला, बर्फावर ओता, नाहीतर पाहुण्याला चिमुकल्या पेल्यातून द्या. गावात लग्न असो की बारसं, केक भिजवायला पाक मेनाचाच लागे.

अशा बाईला वाईट पाक कशाला करायचा होता? तर मार्चच्या सुरुवातीला वारलेल्या तिच्या भावजयीसाठी, नुन्झियातासाठी.

हे सांगायचं तर आधी भांडण सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी मेनाचा बाप गेला आणि सगळी बाग तिच्या धाकट्या भावाच्या, लेओनेच्या नावावर झाली. मेनाने डोंगरउतारावरच्या त्या बागेचा फक्त वरचा टप्पा मागितला होता, जिथे संध्याकाळपर्यंत ऊन राहतं तो. लेओने वकिलाच्या खोलीत चार माणसांदेखत म्हणाला, "तुला नवरा आहे की पोसायला." तेहेतीस वर्षं जिने पाठीवर ती बाग उतरवली तिला हे! मेना उठली, म्हणाली, "तुझ्या पायऱ्या मी पुन्हा चढायची नाही," आणि खरंच चढली नाही. दोन वर्षांनी तिचा नवरा गेला, तेव्हाही लेओने खाली आला नाही. एकाच आईची दोघं. हट्टात कुणी कुणाला हार जाणारं नव्हतं.

त्या भांडणाला सहा महिने झाले असतील. एका मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, नुन्झियाता मेनाच्या दारात उभी राहिली. एप्रनची ओटी करून त्यात लिंबं घेतलेली.

"लेओनेला सणाला तोच केक लागतो, आणि मला पाक येत नाही," ती म्हणाली. "शिकव मला."

मेनाला खरं तर दार लावून घ्यायचं होतं. पण लिंबांचा वास आला आणि तिने ते उघडं ठेवलं. महिनाभर तिने शिकवून पाहिलं. नुन्झियाता लाकूड तासावं तसं लिंबू तासायची. अर्धं लिंबू सालीबरोबर जायचं आणि पाक कडूजहर व्हायचा. शेवटी मेनाने तिच्या हातातली सुरी काढून घेतली. "दे इकडे. तुझ्या हातून लिंबांचा खून होतोय."

"मग?"

"मग काय! मी करते, तू ने. विचारलं तर सांग, तूच केलास."

"खोटं बोलू?"

"इतकं खोटं नवऱ्याशी चालतं."

त्यावर नुन्झियाता अशी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. आणि मग दर मंगळवारी ती येत राहिली. एप्रनमधून लिंबं यायची, आठवड्या-दोन आठवड्यांनी बाटली जायची. मधल्या तासाभरात दोघी गावातल्या प्रत्येकाची उजळणी करायच्या. मेनाची मुलगी दूर तोरीनो शहरात, नुन्झियाताला मूलबाळ नाही. गावाच्या लेखी नणंद-भावजयींचं तोंड पाहणंही बंद होतं, आणि इकडे एकीचा मंगळवार दुसरीवाचून जात नव्हता. अंत्यविधीच्या वेळी मेना चर्चमध्ये सर्वांत मागे, खांबापाशी उभी राहिली. रडली नाही. कोणत्या नात्याने रडणार?

आता रिवाज असा, की ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर गोडधोड शिजत नाही. सणाचं गोड बाहेरून, जवळच्या बाईने न्यायचं. लेओनेला जवळची बाई उरली होती एकच.

"नेणार ना गं वर?" शेजारच्या एर्सिलियाने फळांच्या दुकानात सगळ्यांसमोर विचारलं. "का तिथेही बागेचा हिशेब घालणार?"

"तुझ्या घरी तर नाही ना आणत?" मेना म्हणाली. "मग तू कशाला पेटतेस?"

पण रात्रभर तिला झोप लागली नाही. न्यायचं तर होतंच. लेओने लहानपणापासून ईस्टरला पाकात भिजवलेला केकच खात आला होता. दुसरं काही नेणं म्हणजे परक्याचं ताट नेल्यासारखं. पण मेनाच्या पाकाचा केक नेला तर पहिल्याच घासाला त्याला चव ओळखू येणार. दहा वर्षं बायकोचा म्हणून जो पाक प्यायला तो हाच, हे कळणार. मग दर मंगळवार उघडा पडणार. आपली बायको दहा वर्षं पाठीमागून आपल्या वैरिणीकडे जात होती आणि घरी येऊन खोटं बोलत होती, असंच तो म्हणेल. नुन्झियाता तर उत्तर द्यायला नाही. मेलेल्या बाईचं नाव नवऱ्याच्या मनातून उतरलं, तर ते पुन्हा वर कोण चढवणार?

म्हणून पाक वेगळा व्हायला हवा होता. वेगळा म्हणजे वाईटच. चांगला पाक करायची मेनाची एकच रीत होती.

पहिलं लिंबू वाया गेलं, म्हणजे उत्तम सोललं गेलं. मग तिने सुरी डाव्या हातात घेतली. हात दगडासारखा जड झाला, पण साल जाड निघू लागली, पाठीला पांढरं घेऊन. एकेक साल ती न बघताच बरणीत टाकत गेली. आईने बघितलं असतं तर पळीने मारलं असतं. ईस्टरच्या आदल्या दिवशी, मोठ्या शनिवारी तिने साखरेचा पाक केला, पानं टाकली नाहीत, आणि तो गरम असतानाच अर्कात ओतला. बघता बघता सगळं भांडी धुतलेल्या पाण्यासारखं झालं. तिने बोटाने चाखलं आणि तोंड वाकडं केलं. अगदी मनासारखा बिघडला होता. तिला बरंही वाटलं, आणि मेल्याहून मेल्यासारखंही.

कपाटात मागे दुसरी बरणी होती. नुन्झियाताने शेवटच्या मंगळवारी आणलेल्या लिंबांची. तिला मेनाने हात लावला नाही.

ईस्टरच्या दिवशी प्रार्थना संपल्यावर ती केकचं ताट फडक्यात बांधून निघाली. एर्सिलिया खिडकीत होतीच. पायऱ्या तिला पाठ होत्या, पण गुडघे आता तिचे राहिले नव्हते. निम्म्यावर येईपर्यंत तीनदा टेकावं लागलं. बागेच्या कडेने जाताना तिने मान वर केली नाही.

लेओने दाराशी बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, दंडावर काळी पट्टी. दुखवट्याच्या घरात सणाच्या शुभेच्छा देत नाहीत, त्यामुळे बोलायला सोपं असं दोघांकडे काहीच नव्हतं.

"आलीस," तो म्हणाला.

"आले."

आत त्याने स्वतःच ताटल्या काढल्या, केक कापला. मेना उभीच राहिली. चुलीवरच्या भिंतीत नुन्झियाताचा एप्रन खिळ्याला लटकलेला होता, तिकडे बघायचं नाही असं ठरवून ती खिडकीकडे बघत राहिली. लेओनेने घास घेतला. चावता चावता थांबला. मग कसाबसा गिळला आणि वर पाणी प्यायला.

"मेना."

"काय?"

"हे काय आहे?"

"केक आहे."

"केक? अगं, हा गुन्हा आहे. लिंबांनी तुझं काय वाईट केलं होतं?"

"वय झालं आता. हात पहिल्यासारखा राहिला नाही."

"पाच आठवड्यांपूर्वीपर्यंत राहिला होता की," लेओने म्हणाला. "शेवटची बाटली आहे अजून कपाटात. काढू?"

मेना म्हणाली, "कुठली बाटली? ती तिने केलेली असेल. नुन्झियाताने."

"नुन्झियाताने!" त्याला हसू आलं, आणि त्या हसण्यातच आवाज फुटला. "नुन्झियाताला बटाटा सोलता येत नव्हता, मेना. पाव कापताना बोट कापून घ्यायची ती. पहिल्या बाटलीचा पहिला घोट घेतला आणि मला आई आठवली. आईने तो पाक कुणाला शिकवला होता? मला तर नाही."

मेना खुर्चीवर बसली.

"तुला ठाऊक होतं?"

"सोमवारी संध्याकाळी लिंबं कोण तोडून ठेवत होतं असं वाटलं तुला? ती टेबलावर असायची, एप्रनच्या शेजारी. तिला वाटायचं ती चोरून नेतेय. मी तोंड फिरवून बसायचो, म्हणजे तिला सुखाने चोरता यावं." त्याने पाण्याचा पेला बाजूला सारला. "वरच्या टप्प्यावरचीच असायची. दरवेळी."

ती वरच्या टप्प्यावरची आहेत हे मेनाला पहिल्या दिवसापासून कळत होतं. तेहेतीस वर्षं वाहिलेल्या लिंबाची साल बोटांना कळते. पण तिला वाटायचं, नुन्झियाताच निवडून आणते. तिने तसं विचारलं मात्र कधी नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग रागाचं काय करायचं हा प्रश्न पडला असता.

"म्हणून मी हा असा केला," ती हळूच म्हणाली. "तिचं खोटं उघडं पडू नये म्हणून. डाव्या हाताने सोलली लिंबं."

लेओनेने ताटलीकडे पाहिलं.

"डॉक्टरने तिला पायऱ्या कमी कर म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. "नाताळच्या आधीच. हृदय थकलंय म्हणाला."

"मला नाही बोलली."

"मला बोलली. मी म्हटलं, मग बाजाराला जाऊ नकोस, काय हवं ते मी आणतो. तर म्हणाली, फक्त मंगळवारी जाईन, एवढं राहू दे. मला कळत होतं कुठे जाते ते. आणि सोमवारी मी लिंबं तोडून ठेवलीच."

"माझ्याकडे आली की आधी दारातच बसायची," मेना म्हणाली. "बोलायला दम नसायचा. मी पाणी द्यायचे. आणि निघताना म्हणायचे, पुढच्या मंगळवारी ये हं. दरवेळी म्हणायचे. एकदा तोंडावर आलं होतं की आता तू नको येऊस, मीच वर येते."

"मग?"

"गिळलं."

खाली गावात कुणाच्या तरी घरी जेवणाची गडबड चालली होती, ताटांचा आवाज इथवर येत होता. मेनाला रडू फुटलं. चर्चमध्ये न आलेलं सगळं आलं, मोठ्याने, नाक-डोळे वाहून, लहान पोरीसारखं. लेओनेने तिला गप्प केलं नाही.

"साडेतीनशे खाली, साडेतीनशे वर," तो म्हणाला. "आपल्या दोघांपैकी एकाला तरी उठायला काय झालं होतं?"

मग त्याने ताटली पुन्हा पुढे ओढली आणि दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मेनाने डोळे पुसून हात पुढे केला.

"नको खाऊस रे. घशाखाली उतरायचा नाही तो."

"उतरतोय."

"लेओने, कडू आहे."

"असू दे," तो म्हणाला. "तो तिच्यासाठी केलायस ना? मग टाकून नाही द्यायचा."

मेनाने स्वतःच्या ताटलीत एक तुकडा घेतला. पांढऱ्या सालीचा तो कडवटपणा जिभेच्या मुळाशी जाऊन बसला आणि तिथून हलेना. दोघं बहीणभाऊ मान खाली घालून खात राहिले, आणि केक संपेपर्यंत कुणीच टेबलावरून उठलं नाही.