आत्याच्या पनीरची तपासणी

माझी आत्या आमच्या शहरातल्या अन्नपूर्णा भागात घरीच पनीर बनवते आणि जवळच्या मुलींच्या हॉस्टेलला पुरवते. तिथल्या काही मुलींना एकदम ताप आणि जुलाब सुरू झाले, आणि मेसवाल्या बाई पनीरवर शक करू लागल्या. आत्या चिडली. दूध ती स्वतः उकळते, गलती तिची असूच शकत नाही, असं तिचं म्हणणं. मी स्नेहलतागंजमधल्या एका लॅबमध्ये जिवाणूंचं काम बघते. मी तिला निर्जंतुक डबे पाठवले. एकात पनीर, दुसऱ्यात ते गार करायला वापरायचं टाकीचं पाणी, असं भरून ती स्वतःच घेऊन आली.

जुन्या पद्धतीने जिवाणू वाढवून ओळखायला चार-पाच दिवस जातात. मी दोन्ही नमुने रात्रभर पोषक द्रवात ठेवले आणि सकाळी डीएनए तपासायच्या मशीनला लावले. यात आपण डीएनएचा एक छोटा तुकडा घालतो. असा ताप-जुलाब आणणाऱ्या साल्मोनेला जिवाणूचा डीएनए सापडला की तो तुकडा त्याला चिकटतो, मग चमक वाढत जाते आणि स्क्रीनवरची रेघ वर चढते.

आत्या माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसली होती. तासाभरात पाण्याची रेघ उठली, मागोमाग पनीरची. शुद्ध पाण्याचा एक नमुना मी मुद्दाम सोबत लावला होता. त्याची रेघ सपाटच राहिली. म्हणजे मशीनची चूक नव्हती.

"पक्का ना?" आत्याने विचारलं.

"पक्का. दूध तू नीटच उकळलंस, आत्या. गडबड टाकीत आहे."

ती वाद घालेल असं मला वाटलं होतं. तिने पर्समधून मोबाइल काढला आणि मेसवाल्या बाईंना सांगितलं, "खराबी माझ्याकडेच निघाली. उरलेलं पनीर फेकून द्या." मग डॉक्टरांना कळवायला जिवाणूचं नाव सांगावं म्हणून फोन माझ्या हातात दिला. त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला.

प्लंबरला टाकीत तडा सापडला, ड्रेनेजच्या पाइपाला लागूनच. पाचव्या दिवशी जुन्या पद्धतीनेही तेच उत्तर आलं. मला त्याची धाकधूक नव्हती. मुली बऱ्या झाल्या. टाकी दुरुस्त होऊन नमुने साफ येईपर्यंत आत्याने काम बंद ठेवलं. नंतर मेसवाल्या बाई बरेच दिवस रिपोर्ट मागायच्या, आणि आत्या कुरकुर न करता द्यायची. आता ती पनीर गार करायचं पाणीही उकळून घेते.