आवंढा गिळा

थोरलीच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक गोष्ट करावीच लागते. दोन्ही गाल झाले, मान मागे टेकली, हनुवटी वर झाली, की ती वस्तरा हवेत धरून थांबते आणि म्हणते, "आवंढा गिळा." माणूस आवंढा गिळतो, गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते, मगच पातं कातडीला लागतं. घड्याळं दुरुस्त करणारं तिचं जुनं गिऱ्हाईक सगळ्यांना ठासून सांगतं की त्यामुळे घाटी बाजूला सरकते आणि कापत नाही. पोस्टातला कारकून म्हणतो, तसं काही नाही, ही बाई गिऱ्हाइकाला घाबरवून सरळ बसवते. थोरली दोघांनाही हो म्हणते. खरं कारण वेगळं आहे, आणि ते गिऱ्हाइकाच्या घशावर वस्तरा असताना सांगण्यासारखं नाही.

हे दुकान तिच्या वडिलांचं. लोक त्यांना मास्तर म्हणत. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं, पण खुर्चीत बसलेल्या माणसाला ते असा दम देत की शाळेतले मास्तर परवडले. दाढी चालू असताना बोलायचं नाही, हा त्यांचा कायदा. थोरलीची हयात शर्टांच्या कारखान्यात कॉलर कापण्यात गेली. बेचाळीस वर्षांची झाली, तोवर वडिलांच्या तोंडून तिने एकदाही शाब्बास ऐकलं नव्हतं. त्याचं तिला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं याचा रागही यायचा.

मग मास्तरांची डावी बाजू गेली. त्यातून ते डावखुरे, म्हणजे गेला तो नेमका कामाचाच हात. वाचा शाबूत राहिली, किंचित जड झाली एवढंच. चेहऱ्याची डावी बाजू मात्र लोंबली, तिथे चिमटा काढला तरी त्यांना कळत नसे. समोरून पाहिलं की एक माणूस दिसे आणि आरशात पाहिलं की दुसराच. थोरलीने आरशात बघायचं टाळलं, पण सलूनमध्ये आरसे टाळून टाळून किती टाळणार?

दुकान बंद पडलं. थोरली म्हणाली, "मी शिकते."

"तू?" मास्तर म्हणाले. "कॉलर ओरडत नाही, पोरी."

पण शिकवायला लागले. आधी धारेचा दगड. दगड पाण्यात भिजवायचा, वस्तरा त्यावर आडवा असा ठेवायचा की पाठ आणि धार दोन्ही टेकतील, आणि धार पुढे करून सरकवायचा. टोकाला गेला की पाठीवर उलटवायचा, धारेवर कधीच नाही. मग चामड्याचा पट्टा, तिथे सगळं उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. थोरलीने पहिल्याच दिवशी सवयीने धार पुढे केली आणि पट्ट्याला बोटभर काप पाडला. मास्तर मागच्या खोलीत पडून होते, दार लोटलेलं होतं.

"किती खोल गेला?" त्यांनी आतून विचारलं.

तिला आधी हसूच आलं. पण पुढे हे रोजचं झालं. ती दगडावर बसायची आणि आतून आवाज यायचा. "मनगट उचललंस." "आता टाचेवर जोर देतेस, टोक उपाशी राहिलं." ते बघत नव्हते, नुसते ऐकत होते. एकदा तिने वस्तरा आणि दगड आपल्या घरी नेला, दोन गल्ल्या पलीकडे, आणि ओट्याशी उभी राहून धार लावली. मध्येच दूध उतू गेलं म्हणून शेवटचे हात तिने कसेबसे उरकले. सकाळी मास्तरांनी वस्तरा अंगठ्याच्या पेराला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "काल शेवटी घाई केलीस. काय जळत होतं?"

 अंगठ्याला धार कळते, हे थोरलीला पटत होतं. जळकं दूध कसं कळलं, ते तिने विचारलं नाही.

दगडानंतर फुगे. फुगलेल्या फुग्याला फेस फासायचा आणि तो न फोडता वस्तऱ्याने काढायचा. पहिल्या आठवड्यात इतके फुगे फुटले की शेजारच्या छापखान्यातले लोक वाढदिवस कोणाचा म्हणून डोकावून गेले. फुगा फुटला की मास्तर आतून शांतपणे म्हणायचे, "मेला." तेवढंच.  दीड महिन्याने एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत आतून काही आलं नाही, तेव्हा ती उठून ते श्वास घेतायत ना हे बघून आली.

मग माणूस. आणि माणूस म्हणजे मास्तर स्वतःच. त्यांच्या दाढीला आजवर दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता. ते आपली दाढी आपण करत, आणि हात गेल्यापासून ती नुसतीच वाढत होती.

"डाव्या गालापासून सुरू कर," ते म्हणाले. "तिकडे मला काही कळत नाही, तेव्हा मी ओरडणार नाही. पण रक्त येईल. ते बघ. मग घसा, मग उजवा गाल."

"आणि शिकून झालं, हे कधी समजायचं?"

"मी आपणहून हनुवटी वर करीन तेव्हा. त्या दिवशी दुकान तुझं."

दर रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ती त्यांची दाढी करी. डावा गाल व्हायचा. घशाशी आली की मास्तर हनुवटी छातीला घट्ट लावून घेत. "इथे नको." मग ती उजवा गाल करायची आणि घशावरचे पांढरे खुंट कात्रीने कापून काढायची. असे अकरा रविवार गेले. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांचे घसे हातात धरले त्याला आपला घसा देता येत नव्हता, तेही पोटच्या पोरीला. हे तिला फार लागायचं. शाब्बास नको, पण एवढं तरी, असं तिला वाटायचं.

बाराव्या रविवारी ऊन अर्ध्या शटरखालून येऊन फरशीवर पसरलं होतं. तिने त्यांच्या गळ्याभोवती चादर बांधली, गरम टॉवेलने चेहरा शेकला, साबणाचा फेस केला. डावा गाल चांगला चालला होता, फक्त कानाच्या पाळीखाली पातं निसटलं आणि रक्ताचा थेंब उभा राहिला. तिने तुरटी दाबली.

"आरशात दिसतंय मला," मास्तर म्हणाले.

"दिसू दे," ती म्हणाली आणि वस्तरा पुसून पट्ट्याकडे वळली. त्यांच्याकडे पाठ करून तिने वीस हात मोजून मारले. पट्टा सर्र सर्र वाजत होता. आतापर्यंत प्रत्येक वेळी वीस हातांत निदान एक तरी टोमणा यायचा. आज आला नाही. तिला वाटलं, बरोबर चाललंय.

ती वळली तेव्हा मास्तरांची मान खुर्चीच्या उशीवर मागे टेकलेली होती. डोळे मिटलेले होते. हनुवटी वर होती आणि घसा उघडा होता.

"बाबा?" ती म्हणाली. उत्तर आलं नाही. येणारही नव्हतं, दाढी चालू असताना बोलायचं नाही हा आपलाच कायदा आज ते पाळतायत, असं तिने धरलं. थोरलीचे डोळे भरून आले. ते तिने दंडाला पुसले आणि वस्तरा लावला.

असा हात तिचा कधी चालला नव्हता. खुंटांचा बारीक करकर आवाज, कातडीचा ताण, पात्याचा कोन, सगळं जागच्या जागी होतं. घाटीवरून पातं गेलं, खालून वर आलं, बाजूने वळलं. मास्तर जराही हलले नाहीत. घाटीसुद्धा हलली नाही. मला सोपं जावं म्हणून बाबा किती धरून बसलेत, असं तिच्या मनात आलं आणि ऊर अगदी भरून आला.

त्याच आनंदात तिने उजवा गाल घेतला आणि जबड्याच्या वळणावर चुकली. नखाएवढा काप. हा तर जिवंत गाल. आता ओरडणार, म्हणून तिने खांदे आवळून घेतले. ते ओरडले नाहीत. काप नुसता पांढरा राहिला. ती रक्ताची वाट बघत राहिली. तिने बोटाने कडा दाबल्या, पुन्हा दाबल्या. काहीच आलं नाही.

बाहेर कोणीतरी सायकल लावली आणि निघून गेलं.  मग थोरलीने एकच गोष्ट केली. वस्तरा खाली ठेवला, दिवा जवळ ओढला आणि वडिलांच्या घशावरून बोट फिरवत एखादा ओरखडा शोधू लागली. कानाखालच्या कापातून रक्त आलं होतं, तेव्हा ते होते. उजव्या कापातून आलं नाही, तेव्हा नव्हते. हनुवटी त्या दोन कापांच्या मधे वर झाली होती. ती बाबांनी केली, की मान आपली आपण मागे पडली? घशावर कुठे एवढंसं जरी लागलं असतं, तरी रक्तावरून कळलं असतं.

तिने दोनदा शोधलं. घसा एखाद्या पोरासोरासारखा गुळगुळीत होता, कुठे साधा लाल ठिपकाही नव्हता. इतकं चांगलं काम तिने आजवर केलं नव्हतं.

अर्धा चेहरा तसा ठेवणं बरं नव्हतं, म्हणून तिने उजवा गाल पुरा केला. मग गिऱ्हाईक शेवटी करतं तसा त्यांचाच हात धरून गालावरून उलटा फिरवला, आधी डावा आणि मग उजवा. आता दोन्ही हात सारखेच जड होते.

दुकान महिन्याभराने उघडलं. पहिलं गिऱ्हाईक घड्याळवाला. गाल झाले, त्याने डोळे मिटले, मान मागे टेकली आणि हनुवटी वर केली. थोरलीचा वस्तरा हवेतच राहिला.

"आवंढा गिळा," ती म्हणाली.

घाटी वर गेली, खाली आली. मग तिने सुरुवात केली.